भारतीय बचाव: नियम, नोंद आणि नाव

पाठाचा विषय

बुद्धिबळाच्या सुरुवातींवरचे कोणतेही पुस्तक उघडा. सिसिलियन, फ्रेंच, स्पॅनिश, डच, इंग्लिश अशी देशांची आणि प्रांतांची नावे त्यात दिसतील. त्यांतच एक लांब रांग सापडेल: किंग्ज इंडियन, क्वीन्स इंडियन, निम्झो-इंडियन, बोगो-इंडियन, ओल्ड इंडियन. बुद्धिबळाचा उगम भारतात झाला म्हणून ही नावे पडली असतील, असा आपला सहज समज होतो. तो बरोबर नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात कलकत्त्याच्या एका क्लबात काही डाव खेळले गेले, त्यांच्यामुळे हे नाव रूढ झाले.

त्या काळी हा बचाव आडवाटेचा होता. युरोपात शिकवल्या जाणाऱ्या पद्धतीशी तो जुळत नव्हता. आज जागतिक अजिंक्यपदाच्या लढतीतही तो खेळला जातो. या पाठात आपण तीन प्रश्नांची उत्तरे शोधणार आहोत. हा बचाव कोणत्या नियमांतून घडला? त्याची नोंद कोणामुळे राहिली? आणि नाव देताना खेळाडू मागे पडून देश का पुढे आला? बुद्धिबळ येत नसले तरी हा पाठ समजेल. मोहऱ्यांच्या चाली माहीत असतील तर पट समोर मांडून वाचा.

पट वाचण्यापुरती ओळख

पटावर आठ उभ्या आणि आठ आडव्या ओळी असतात. उभ्या ओळींना ए, बी, सी, डी, ई, एफ, जी, एच म्हणतात. आडव्या ओळी पांढऱ्याच्या बाजूने १ ते ८ मोजतात. दोन्ही मिळून घराचे नाव तयार होते. पांढऱ्याचा राजा सुरुवातीला ई१ वर असतो आणि काळ्याचा ई८ वर. डी४, ई४, डी५ आणि ई५ ही चार घरे म्हणजे पटाचा मध्य. मध्यातल्या मोहऱ्याला दोन्ही बाजूंना लवकर जाता येते, म्हणून बहुतेक डावांतला पहिला झगडा याच चार घरांसाठी होतो.

देशी नियम आणि त्यांचा परिणाम

आज आपण आंतरराष्ट्रीय नियमांनी खेळतो. त्यात प्यादे पहिल्या चालीत दोन घरे पुढे जाऊ शकते. राजा आणि हत्ती मिळून किल्लेकोट करतात. शेवटच्या ओळीत पोचलेल्या प्याद्याचा बहुधा वजीर केला जातो.

भारतात एकोणिसाव्या शतकात, आणि अनेक घरांत विसाव्या शतकातही, वेगळ्या नियमांनी बुद्धिबळ खेळले जाई. हे नियम प्रांतोप्रांती थोडे बदलत. सर्वसाधारण चौकट मात्र अशी होती: प्यादे एका वेळी एकच घर चाले. किल्लेकोट नव्हता. त्याऐवजी राजाला, तोपर्यंत शह बसलेला नसेल तर, एकदाच घोड्यासारखी अडीच घरांची उडी घेता येई. प्यादे शेवटच्या ओळीत पोचले की ज्या घरात पोचले त्या घराच्या मूळ मोहऱ्याचे रूप घेई: हत्तीच्या घरात हत्ती, उंटाच्या घरात उंट. तुमच्या आजी-आजोबांपैकी कोणी असे खेळत असतील तर त्यांना जरूर विचारा. 'हे चुकीचे बुद्धिबळ' असे म्हणून त्यांना थांबवू नका. त्यांच्या हातात एक जुनी आणि पूर्ण पद्धत आहे.

आता पहिल्या नियमाचा परिणाम पाहू. आंतरराष्ट्रीय नियमांत पांढऱ्याने ई४ आणि काळ्याने ई५ अशी प्यादी सरकवली की एकेका चालीत दोन्ही सैन्ये समोरासमोर येतात. पुढच्याच चालीत घोडा बाहेर पडून प्याद्यावर मारा करतो, आणि पाच-सहा चालींत लढाई पेटते. त्या काळच्या युरोपीय खेळाडूंना हेच आवडत होते. एखादे प्यादे, प्रसंगी मोहरेही, बळी देऊन वाट मोकळी करायची आणि राजावर तुटून पडायचे, अशी त्यांची रीत होती.

देशी नियमांत तीच दोन प्यादी समोरासमोर येण्यासाठी दोघांनाही दोन-दोन चाली लागतात. सैन्ये उशिरा भिडतात. त्यामुळे पहिल्या काही चालींत प्रत्येक खेळाडू आपल्याच छावणीची मांडणी करतो. प्यादी एकेक पाऊल टाकतात आणि त्यांच्या मागे मोहरी जागा धरतात. अशा खेळात जी ओळीतले प्यादे एक घर पुढे सरकवून त्याच्या जागी उंट बसवणे स्वाभाविक ठरते. त्यासाठी दोन घरांच्या चालीची गरजच नसते. तिथे बसलेला उंट पटाच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंतची तिरपी रेघ धरतो, आणि ती रेघ पटाच्या मध्यातूनच जाते.

म्हणजे युरोपीय खेळाडूला जी मांडणी संथ आणि भित्री वाटली असती, ती देशी नियमांत वाढलेल्या खेळाडूची रोजची सवय होती. मराठी वाचकाला इथे गनिमी कावा आठवेल: शत्रूला पुढे येऊ द्यायचे आणि लांबलेल्या फळीवर बाजूने घाव घालायचा. कल्पना समजायला ही तुलना उपयोगी आहे, पण तिला कारण समजू नका. 'भारतीय माणूस स्वभावाने संयमी, म्हणून त्याचा बचाव संयमी' हे स्पष्टीकरण ऐकायला बरे वाटते, पण त्याने काहीच सिद्ध होत नाही. नियम हे कारण अधिक भक्कम आहे, कारण ते पटावर तपासता येते.

कलकत्त्यातील दोन खेळाडू

जॉन कॉक्रन हा १७९८ मध्ये जन्मलेला स्कॉटिश बॅरिस्टर. १८२२ मध्ये त्याचा बुद्धिबळावरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. नंतर वकिलीसाठी तो कलकत्त्यात आला आणि आयुष्याचा मोठा काळ तिथे राहिला. १८४० च्या दशकाच्या सुरुवातीला रजेवर लंडनला गेला असताना तो हॉवर्ड स्टाँटनशी अनेक डाव खेळला. स्टाँटन तेव्हा जगातला सर्वांत बलवान खेळाडू मानला जाई. कलकत्त्यात परतल्यावर कॉक्रनच्या तोडीचा प्रतिस्पर्धी क्लबात उरला नव्हता.

तो प्रतिस्पर्धी त्याला १८४८ च्या सुमारास मिळाला. त्याचे नाव महेशचंद्र बॅनर्जी. त्यांच्याविषयीची महत्त्वाची माहिती लंडनच्या 'चेस प्लेयर्स क्रॉनिकल' या मासिकातील १८५० च्या एका पत्रातून मिळते. पत्र लिहिणारा कलकत्ता चेस क्लबचा सभासद होता. शहराबाहेर, मुफसल भागात राहणारा एक ब्राह्मण कधीच हरत नाही, असे त्याने ऐकले. मग त्याला शोधून क्लबात आणले आणि कॉक्रनसमोर बसवले.

पुढची बारा-एक वर्षे हे दोघे खेळत राहिले. त्यांचे शेकडो डाव आज उपलब्ध आहेत. त्यांतले जास्त कॉक्रनने जिंकले, पण डाव कोणी जिंकला यापेक्षा कसा खेळला हे आपल्या विषयासाठी महत्त्वाचे आहे. महेशचंद्र आता युरोपीय नियमांनी खेळत होते. प्याद्याला दोन घरे चालण्याची मुभा होती, किल्लेकोट होता. तरी काळी मोहरी घेतल्यावर ते अनेकदा जुनीच मांडणी करत: घोडा एफ६ वर, प्यादे जी६ वर, उंट जी७ वर, आणि मध्यातले प्यादे डी६ वर, एकाच पावलावर. नियम बदलले होते, पण हाताला लागलेले वळण टिकले होते. नव्या नियमांत कोणी निवडत नव्हते अशी वाट त्यामुळे त्यांच्याकडून खेळली गेली.

बचावामागची कल्पना

ही कल्पना चार पायऱ्यांत समजून घेऊ.

पहिली पायरी: मध्य प्याद्याने अडवायचा नाही. पांढऱ्याने डी४ ला प्यादे आणले की काळा त्याच्यासमोर प्यादे न ठेवता घोडा एफ६ वर आणतो. हा घोडा ई४ आणि डी५ या दोन मध्यघरांवर लांबून नजर ठेवतो. घर व्यापणे आणि घरावर ताबा ठेवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा या बचावाचा पाया.

दुसरी पायरी: उंट कोपऱ्याजवळ बसवायचा. जी७ वरचा उंट एच८ पासून ए१ पर्यंतच्या लांब रेघेवर मारा करतो. त्या रेघेवर ई५ आणि डी४ ही घरे येतात. हाच उंट किल्लेकोट केलेल्या राजाचा पहारेकरीही असतो. एका मोहऱ्याकडून हल्ला आणि रक्षण अशी दोन्ही कामे होतात.

तिसरी पायरी: प्रतिस्पर्ध्याला पुढे येऊ द्यायचे. पांढरा सी४, डी४, कधी ई४ अशी प्यादी पुढे आणतो. त्याची फळी रुबाबदार दिसते. पण पुढे गेलेले प्यादे मागे येऊ शकत नाही. ते जितके पुढे, तितकी त्याला सांभाळणारी मोहरी गुंतून पडतात.

चौथी पायरी: योग्य वेळी फळीवर घाव घालायचा. सी५, ई५ किंवा डी५ यांपैकी एक प्यादे आणून काळा त्या फळीला मारामारी करायला भाग पाडतो. प्यादी कापली गेली की जी७ च्या उंटाची रेघ खुली होते आणि मागे थांबलेली मोहरी एकदम कामाला लागतात.

या बचावाचा धोकाही इथेच आहे. चौथी पायरी चुकली किंवा लांबली तर पहिल्या तीन पायऱ्या अंगलट येतात. प्रतिस्पर्ध्याच्या फळीमुळे काळ्याची मोहरी कोंडली जातात आणि हलायला जागा उरत नाही. म्हणून हा बचाव 'वाट पाहण्याचा' नसून 'वेळ साधण्याचा' आहे. नुसते मागे बसून राहणाऱ्याला तो उपयोगी पडत नाही.

१८५५ चा एक डाव

आता प्रत्यक्ष उदाहरण पाहू. १८५५ मध्ये कलकत्त्यात कॉक्रन पांढरी मोहरी घेऊन खेळला. त्याने डी४ आणि सी४ अशी प्यादी आणली. महेशचंद्रांनी घोडा एफ६ वर आणि प्यादे जी६ वर आणले. पांढऱ्याचा घोडा सी३ वर येताच त्यांनी प्यादे डी५ वर आणून मध्यावर सरळ घाव घातला. मग उंट जी७ वर आणि किल्लेकोट. पांढऱ्याने डी५ चे प्यादे घेतले, काळ्याच्या घोड्याने ते परत घेतले आणि पुढच्याच चालीत सी३ वरचा घोडाही कापला. पांढऱ्याने बी ओळीतल्या प्याद्याने घोडा घेतला. लगेच काळ्याचे सी५!

चारही पायऱ्या इथे दिसतात. दहाव्या चालीपर्यंत सी ओळीतली प्यादी कापली गेली आणि डी४ वरचे पांढरे प्यादे काळ्याच्या माऱ्याचे लक्ष्य झाले. जी७ चा उंट त्याच्यावर रोखलेला आहे. सी६ वर आलेला घोडा त्याच्यावरच आहे. दुसरा उंट जी४ वर येतो आणि डी४ ला सांभाळणाऱ्या एफ३ च्या घोड्याला दाबतो. काळ्याने मध्यात एकही प्यादे ठेवलेले नाही, आणि झगडा मात्र पांढऱ्याच्या मध्यातल्या प्याद्यावर चालू आहे.

तरीही हा डाव महेशचंद्र हरले. सतराव्या चालीत कॉक्रनचा घोडा जी५ वर आला आणि बी३ वरच्या वजिरासह त्याने एफ७ च्या प्याद्यावर नेम धरला. महेशचंद्रांनी ई२ चा उंट घेतला. मोह मोठा होता, कारण त्या घरातून त्यांच्या उंटाच्या माऱ्यात पांढऱ्याचे दोन्ही हत्ती आले. पण घोड्याने एफ७ घेतले आणि पुढे घोडा-वजिराचा दुहेरी शह आला. दुहेरी शहात राजाला हलावेच लागते. राजा कोपऱ्यात गेला की वजिराचा बळी देऊन, स्वतःच्याच मोहऱ्यांत कोंडलेल्या राजाला घोड्याची मात. महेशचंद्रांची सुरुवात उत्तम होती. डाव गेला तो पुढच्या लढाईतल्या एका हिशेबामुळे. सुरुवातीचे मूल्यमापन निकालावरून करू नये, याचे हे चांगले उदाहरण आहे.

हीच मांडणी १९२२ मध्ये ऑस्ट्रियाच्या अर्न्स्ट ग्रुनफेल्डने खेळली. त्याच वर्षी व्हिएन्नात तिच्या बळावर त्याने पुढे जगज्जेता झालेल्या अलेखाइनला हरवले. तेव्हापासून जगभर तिला 'ग्रुनफेल्ड बचाव' म्हणतात. कलकत्त्याचा डाव त्याच्या ६७ वर्षे आधीचा आहे.

नोंद कोणी ठेवली?

महेशचंद्र एकटेच असे खेळत होते का? देशी नियमांनी खेळणारे हजारो लोक देशभर होते. मग त्यांच्या डावांच्या सुरुवाती आपल्याला का दिसत नाहीत? यासाठी बुद्धिबळावरचे भारतीय लेखन कोणत्या प्रकारचे होते हे पाहावे लागेल.

हे लेखन कमी नव्हते. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील तिसऱ्या सोमेश्वराच्या 'मानसोल्लास' या ग्रंथात राजाच्या विनोदांमध्ये चतुरंगाचे वर्णन आहे. ती कल्याणी म्हणजे कर्नाटकाच्या बिदर जिल्ह्यातले आजचे बसवकल्याण. सतराव्या शतकात, मूळच्या पैठणच्या आणि काशीत स्थायिक झालेल्या भट्ट घराण्यातील नीलकंठ भट्टांनीही आपल्या ग्रंथात या खेळाला जागा दिली. १८१४ मध्ये मुंबईत त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचे बुद्धिबळावरचे पुस्तक संस्कृतातून इंग्रजीत येऊन छापले गेले. त्याच्या शीर्षकातच ते युरोपीय पद्धतीला जुळवून घेतले आहे असे सांगितले होते. दोन नियमपद्धतींची गाठ कलकत्त्याच्या आधी मुंबईच्या छापखान्यात पडली होती, असे म्हणता येईल.

दक्षिणेत म्हैसूरचे तिसरे कृष्णराज वडियार हे या विद्येचे मोठे जाणकार होते. १७९९ मध्ये, श्रीरंगपट्टण पडल्यावर, पाच वर्षांच्या या मुलाला गादीवर बसवले गेले. १८३१ मध्ये इंग्रजांनी राज्याचा कारभार आपल्या हाती घेतला. पुढे मार्क कब्बन कमिशनर झाला आणि तो बेंगळुरूहून म्हैसूर राज्य चालवू लागला. बेंगळुरूच्या कब्बन पार्कमध्ये फिरलेल्यांना हे नाव ओळखीचे असेल. राजा म्हैसूरच्या राजवाड्यात राहिला. गादी होती, कारभार नव्हता. त्याने आपली बुद्धी ग्रंथांत, चित्रांत आणि खेळांत गुंतवली. 'श्रीतत्त्वनिधी' या त्याच्या प्रचंड ग्रंथाचा 'कौतुकनिधी' हा भाग खेळांविषयी आहे. पटावरच्या चौसष्टही घरांत घोड्याने एकेकदाच जाऊन यायचे, या कोड्याची त्याने रचलेली उत्तरे गणिताच्या अभ्यासकांनाही माहीत आहेत. कॉक्रन आणि महेशचंद्र कलकत्त्यात खेळत होते, त्याच काळात हे काम चालू होते.

या लेखनात कशावर भर आहे, ते पाहा: मांडणी, नियम, घोड्याचा फेरा, आणि 'इतक्या चालींत मात करा' अशी कोडी. १८१४ च्या पुस्तकाचाही मुख्य भाग अशा अडचणीच्या स्थितींचाच आहे. पहिल्या चालीपासून शेवटच्या चालीपर्यंत खरा खेळलेला डाव, खेळाडूंच्या नावांसह उतरवून ठेवणे हा या ग्रंथांचा हेतू नव्हता. युरोपात मात्र छापील मासिके आणि क्लब यांच्यामुळे पूर्ण डाव उतरवण्याची सवय रूढ झाली होती.

इतिहासाच्या विद्यार्थ्याने हा मुद्दा नीट लक्षात घ्यावा. डावाची सुरुवात ही अशी गोष्ट आहे की ती उतरवली नाही तर तिचा मागमूस राहत नाही. कोडे ग्रंथात टिकते, पण सुरुवात खेळाडूबरोबर जाते. म्हणून देशी खेळाडूची सुरुवात आपल्याला तिथेच दिसते, जिथे त्याच्यासमोर डाव उतरवणारा कोणी बसला होता. कलकत्त्याचा क्लब ही अशी एक जागा होती. साधनांत जे दिसते तेवढेच घडले होते, असे मानणे इथे मोठी चूक ठरेल.

नाव कोणाचे?

आता तिसरा प्रश्न. या दोघांच्या पटावरून जगाला दोन गोष्टी मिळाल्या. पहिली म्हणजे 'कॉक्रन गँबिट'. पेट्रोव्ह बचावात चौथ्याच चालीला घोडा एफ७ वर बळी द्यायचा ही धाडसी चाल कॉक्रनने १८४८ मध्ये महेशचंद्रांविरुद्धच खेळली. दुसरी म्हणजे 'इंडियन डिफेन्स'. हा शब्द छापील स्वरूपात १८८४ पासून सापडतो आणि त्याचा संबंध महेशचंद्रांच्या खेळाशी जोडलेला आहे. १९२० च्या दशकात तो सर्वत्र रूढ झाला.

तुलना करा. एकाच टेबलावर बसलेल्या दोघांपैकी एकाची चाल त्याच्या आडनावाने ओळखली जाते. दुसऱ्याची चाल त्याच्या देशाच्या नावाने ओळखली जाते. ग्रुनफेल्ड, निम्झोव्हिच, बोगोल्युबोव्ह यांची नावे पुढे त्याच कुळातल्या बचावांना मिळाली. महेशचंद्रांचे नाव मात्र इंग्रजी पुस्तकांत एकसारखे लिहिलेलेही नाही. कुठे मोहेशचंदर, कुठे मोहिशंदर. कोणी मुद्दाम डावलले असे म्हणायला आधार नाही. पण वसाहतीच्या काळात 'नेटिव्ह' खेळाडूकडे स्वतःची कल्पना असलेला माणूस म्हणून न पाहता आपल्या देशाचा नमुना म्हणून पाहिले जाई, हे या नावातून दिसते.

शिकवले कोणी आणि शिकले कोण, याबाबत इंग्रज लेखक फिलिप सार्जंट यांनी १९३४ मध्ये स्पष्ट लिहिले. जी६ सोबत डी६ किंवा बी६ सोबत ई६ या प्रकारचे बचाव कॉक्रनला मोठ्या प्रमाणात महेशचंद्रांकडून मिळाले, असे त्यांचे म्हणणे आहे. ग्रंथ लिहिलेला बॅरिस्टर शिकत होता आणि मुफसल भागातून आलेला खेळाडू शिकवत होता.

इथे उलट टोकालाही जाऊ नका. १९२० च्या दशकात रेटी, निम्झोव्हिच, टार्टाकोव्हर यांनी 'मध्य लांबूनही राखता येतो' हा विचार सिद्धांत म्हणून मांडला. निम्झोव्हिचचे 'माय सिस्टम' १९२५ मध्ये आले. त्यांचा वाद टाराशसारख्या युरोपीय गुरूंच्या शिकवणीशी होता. नाव कलकत्त्याहून आले म्हणून सगळा विचारही तिथूनच आला, असे ठरत नाही. सारखेपणा म्हणजे वंशावळ नव्हे. सिद्ध होते ते एवढे: हा विचार युरोपात सिद्धांत होण्याच्या सत्तर वर्षे आधी एक भारतीय खेळाडू तो पटावर राबवत होता, आणि तो ज्या नियमांत वाढला होता त्यांतून त्याचे कारण समजते.

दुसरा साक्षीदार

एकाच उदाहरणावरून निष्कर्ष काढू नये. म्हणून मीर सुलतान खान यांचेही उदाहरण पाहू. पंजाबात १९०३ मध्ये जन्मलेले सुलतान खान देशी नियमांनी खेळत मोठे झाले. युरोपीय नियम ते १९२६ च्या सुमारास शिकले. १९२९, १९३२ आणि १९३३ मध्ये ते ब्रिटिश विजेते ठरले. १९३०-३१ च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत त्यांनी माजी जगज्जेता कापाब्लांका याला हरवले. सुरुवातींचे पुस्तकी ज्ञान ही त्यांची कच्ची बाजू होती. त्यांचे बळ दिसे ते संथ स्थितीत, मोहऱ्यांची हळूहळू केलेली मांडणी आणि अखेरचा टप्पा यांत. एका पावलाच्या प्याद्यांनी घडवलेला हा दुसरा हात. १९६६ मध्ये त्यांचे निधन झाले. जागतिक संघटनेने त्यांना मानद ग्रँडमास्टर किताब दिला तो २०२४ मध्ये, म्हणजे ५८ वर्षांनी.

स्वातंत्र्यानंतर चित्र बदलले. १९५१ मध्ये अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघ स्थापन झाला. १९५५ मध्ये एलुरू येथे पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली आणि रामचंद्र सप्रे व डी. वेंकय्या संयुक्त विजेते ठरले. आंतरराष्ट्रीय नियम हीच सर्वमान्य पद्धत झाली, आणि तसे होणे गरजेचेही होते. त्याशिवाय १९८८ मध्ये विश्वनाथन आनंद भारताचे पहिले ग्रँडमास्टर झालेच नसते. २०१० मध्ये सोफिया येथे टोपालोव्हविरुद्धच्या जगज्जेतेपदाच्या लढतीत पहिल्याच डावात काळी मोहरी घेऊन आनंद यांनी निवडला तो ग्रुनफेल्ड बचाव. तो डाव ते हरले, लढत मात्र जिंकली. कलकत्त्यात १८५५ साली मांडलेली रचना एका भारतीयाच्या हातून पुन्हा पटावर आली होती. फक्त आता तिला व्हिएन्नाच्या खेळाडूचे नाव होते.

सारांश

१. भारतीय बचावाची मुळे देशी नियमांत आहेत. एका पावलाने चालणाऱ्या प्याद्यामुळे सैन्ये उशिरा भिडत. त्यामुळे लांबून मध्य राखण्याची आणि मग घाव घालण्याची सवय घडली.

२. ही सवय नव्या नियमांत गेल्यावर नवी चाल ठरली. दोन पद्धतींच्या सीमेवर उभ्या असलेल्या माणसाकडून अशा गोष्टी घडतात.

३. ती आपल्यापर्यंत पोचली, कारण डाव उतरवून ठेवले गेले. न उतरवलेल्या डावांत काय होते हे त्यावरून नाकारता येत नाही.

४. 'इंडियन' या नावात देशाचा गौरव आहे आणि एका माणसाची अनुपस्थितीही आहे. यापुढे किंग्ज इंडियन किंवा ग्रुनफेल्ड खेळताना महेशचंद्र बॅनर्जी हे नाव एकदा तरी उच्चारा. ज्याचे ऋण, त्याचे नाव घेणे ही इतिहासाची साधी रीत आहे.

स्वाध्याय

१. मित्रासोबत दोन डाव खेळा: एक आंतरराष्ट्रीय नियमांनी, दुसरा 'प्यादे एकच घर चालेल' या नियमाने. दोन्हींत पहिले मोहरे कितव्या चालीला कापले गेले ते लिहून ठेवा. या पाठातील मुख्य दावा त्यावरून तपासा.

२. घरातील किंवा गावातील एखाद्या ज्येष्ठ व्यक्तीकडून देशी बुद्धिबळाचे नियम विचारून घ्या. तुमच्या भागातील नियम आणि या पाठातील नियम यांतला फरक नोंदवा.

३. 'साधनांत न दिसणारी गोष्ट घडलीच नाही' या समजुतीची मर्यादा दाखवणारे उदाहरण दुसऱ्या क्षेत्रातून द्या, उदाहरणार्थ संगीत, शेती किंवा स्वयंपाक.

४. एखाद्या शोधाला किंवा पद्धतीला माणसाचे नाव न मिळता प्रदेशाचे नाव मिळाले, असे आणखी एक उदाहरण शोधा. तसे का झाले असावे, यावर दोनशे शब्दांत लिहा.